उद्याच्या गावाची तजवीज

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, जेथे सातपुड्याच्या पायथ्याचे उंचवटे हळूहळू सपाटीत विरत जातात आणि मुलताईकडून आलेली वर्धा नदी नागपूर व अमरावती या दोन जिल्ह्यांची सरहद्द होऊन वाहू लागते, त्या भूभागाला आज नरखेड तालुका म्हणतात. पूर्वी हा सारा मुलूख काटोल तहसिलीत मोडत असे. येथील शेतकऱ्याची कीर्ती संत्र्यासाठी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, औरंगाबादेकडून आणलेले हे झाड प्रथम राजधानीच्या बागांत रुजले आणि पुढे काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी असे पसरत पसरत त्याने वर्धेचे दोन्ही तीर व्यापले. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधायचा, कलम रोपवाटिकेत सांभाळायचे, मग अठरा-अठरा फुटांवर खड्डे घेऊन ते लावायचे आणि त्यानंतर पाच-सहा वर्षे फळाची अपेक्षा न धरता केवळ पाणी देत राहायचे, हा ज्यांचा पिढीजात उद्योग, त्यांना दूरवरचा विचार कोणी शिकवावा लागत नाही. असे असूनही याच माणसांनी मोठ्या उमेदीने उभारलेल्या सार्वजनिक सेवेच्या कामांपैकी बहुतेकांचे आयुष्य एका उत्साही पिढीच्या पलीकडे का गेले नाही, आणि जी थोडी कामे टिकली ती कशाच्या बळावर टिकली, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचे उत्तर योजनांच्या कागदांत न शोधता या तालुक्याच्या गेल्या दीडशे वर्षांच्या हकिकतीत शोधावे, असे माझे मत आहे.

दीर्घ मुदतीची योजना ही गोष्ट या मुलखाला अपरिचित नव्हती. मात्र ती प्रथम आली ती सरकारी महसुलाच्या निमित्ताने. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, दुसऱ्याच वर्षी त्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली आणि लगोलग मोजणी होऊन नागपूर जिल्ह्याच्या जमिनीचा बंदोबस्त तीस वर्षांच्या मुदतीने ठरविण्यात आला. मालगुजाराने सरकारात भरावयाची जमा, रयतेने मालगुजाराला द्यावयाचा सारा, आणि चराई, गावठाण, लाकूडफाटा, पाणवठे यांविषयीचे निस्ताराचे हक्क, हे सारे वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात गावोगाव नमूद झाले, आणि एका पिढीने मान्य केलेली वहिवाट दुसऱ्या पिढीला वाचून दाखविता येईल अशी सोय झाली. या कामातील चिकाटीविषयी मला आदर आहे. परंतु याच दफ्तरात गावाच्या आरोग्याची, पिण्याच्या पाण्याची, रोग्याच्या शुश्रूषेची काही तजवीज आहे काय, हे पाहू गेले तर निराशा होते. गावची साफसफाई राखणे हे मुकद्दमाच्या अनेक कर्तव्यांपैकी एक कर्तव्य होते खरे. पण त्या कर्तव्यामागे पैसा नव्हता, माणसे नव्हती आणि मुदतही नव्हती. पटकीची साथ आली म्हणजे विहिरींत औषध पडे, साथ ओसरली म्हणजे विहिरीचा कठडा पुन्हा पूर्ववत् ढासळू लागे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात सरकारने कामे काढली, लक्षावधी जीव त्या कामांवर जगले, आणि पुढचा पाऊस चांगला होताच ती कामे आटोपली. जमेच्या बाजूला तीस वर्षांवर लागलेली सरकारची दृष्टी खर्चाच्या बाजूला येताच चालू वर्षापुरती आखूड होत असे, आणि ही विषमता पुढे आलेल्या कितीतरी कारभारांनी वारशाने घेतली.

याला एक अपवाद याच तालुक्यात घडला आणि तो फार लवकर घडला. वर्धेच्या अगदी काठावर वसलेल्या मोवाड या बाजारगावाला १८६७ साली नगरपालिका मिळाली. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याविषयीचा सुप्रसिद्ध ठराव १८८२ सालचा आहे. म्हणजे त्यापूर्वी पंधरा वर्षे, रामटेक, उमरेड, खापा यांसारख्या जुन्या कसब्यांच्या पंक्तीत बसून, तालुक्याच्या टोकाचे हे गाव आपला सार्वजनिक पैसा कसा जमवावा आणि कशावर खर्चावा याचा विचार करू लागले होते. सभासद बदलतात, अध्यक्ष बदलतात, पण दफ्तर राहते आणि त्या दफ्तरात गावाची स्मृती साठते, हा नगरपालिकेचा मोठा गुण. तिची मर्यादाही याच रचनेत होती. अंदाजपत्रक वर्षाचे, निवडणूक ठरावीक मुदतीची, आणि जे काम या दोन कुंपणांच्या आत पुरे होत नाही ते कोणाचेच नाही. नदीकाठच्या गावाला नदीची भीती पिढ्यान्‌पिढ्या असते. परंतु भीतीला अंदाजपत्रकात सदर नसते. या विधानाचा दारुण पडताळा मोवाडला एका शतकाहून अधिक काळानंतर यावयाचा होता. त्याकडे मी पुढे वळेन.

कायद्याच्या संस्थांकडून क्षणभर दृष्टी काढून लोकांच्या स्वतःच्या रिवाजांकडे वळले, तर एक वेगळीच व्यवस्था दिसते. मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो तेव्हा पहिल्या दिवशी गळ्यात घेतलेली वीणा सातव्या दिवशीचा काला होईपर्यंत जमिनीला टेकवावयाची नसते. देवळाच्या खांबाला वहीचा एक कागद खळीने चिकटविलेला असतो. त्यावर पहाऱ्याच्या वेळा आणि वेळेसमोर नावे. दुपारचे पहारे म्हाताऱ्यांचे, सायंकाळचे शाळकरी मुलांचे, आणि रात्री दोन ते चारचा जो सर्वांत कठीण पहारा तो बहुधा त्याचा, ज्याला पुढे पहाटे बागेत मोटेवर किंवा आता पंपावर जावयाचेच असते. पाळीचा माणूस घटकाभर आधी येतो, हातपाय धुतो, विडीकाडी बाहेर ठेवतो आणि उभा राहतो. वीणा देणारा व घेणारा परस्परांच्या पाया पडतात, त्यात वय पाहिले जात नाही. पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो आणि एवढ्या अवधीतही तारेवरचे बोट थांबत नाही. या साऱ्या व्यवहारात प्रमुख कोण, असे कोणी विचारीत नाही; पुढचा पहारा कोणाचा, एवढेच विचारतात. ज्याला येणे जमत नाही तो आपला बदली स्वतः शोधून आणतो, आणि कागदावर खोडाखोड करून त्याचे नाव लिहितो. सार्वजनिक काम अखंड चालविण्याची विद्या या समाजापाशी नव्हती, असे म्हणणाऱ्यांनी तो खोडाखोडीचा कागद एकदा बारकाईने वाचावा. विद्या होती, ती सात दिवसांच्या भजनाला लावली जात होती, गावाच्या आरोग्याला लावली गेली नव्हती, इतकेच.

ती तशी लावून दाखविणारा पुरुष वर्धेच्या पलीकडच्या तीरावर जन्मला. तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. आणि १९३५ साली नागपूर-अमरावती रस्त्यावरील मोझरीच्या माळावर त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. वर्धा नदी ही एके काळी भोसल्यांचा मुलूख आणि निजामाचे वऱ्हाड यांची सरहद्द होती. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेल्यावर ती सरहद्द सरकारी नकाशात फिकी झाली, तरी दोन तीरांच्या माणसांनी सोयरीक आणि बाजार एवढ्यापुरतेच एकमेकांना ओळखावे असा प्रकार पुष्कळ काळ चालला होता. खंजिरीवर भजन गात हिंडणाऱ्या या तरुण साधूने ती सीमा खऱ्या अर्थाने पुसली. त्याच्या मागे गावोगाव जी आरती मंडळे उभी राहिली त्यांतूनच पुढे श्रीगुरुदेव सेवा मंडळाची संघटना साकार झाली. ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनात, चिमूर व आष्टी येथील उठावानंतर, सरकारने महाराजांना अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. सुटून आल्यावर त्यांनी संघटनेच्या घडणीकडे अधिक काटेकोर लक्ष दिले, आणि १९४३ पासून ‘श्रीगुरुदेव’ मासिक हे तिचे मुखपत्र झाले.

वऱ्हाड-नागपुरातील गावांप्रमाणेच नरखेडच्या परिसरातही हे मंडळ रुजले, याचे कारण केवळ महाराजांचा गोड गळा नव्हे. मंडळाने गावाला जे दिले ते प्रथमतः एक वेळापत्रक होते. पहाटे सामुदायिक ध्यान. त्यानंतर हाती खराटे घेऊन ग्रामसफाई आणि त्याच सडकेवरून भजन म्हणत रामधून. सायंकाळी ठरलेल्या वेळी सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेला कोणत्याही एका देवाची मूर्ती नाही; साधे अधिष्ठान मांडलेले असते आणि त्यापुढे जातपात न पाहता सरळ रांगांत लोक बसतात. गावपातळीवर ग्रामसेवाधिकारी, त्यावर तालुक्याचा व जिल्ह्याचा सेवाधिकारी, आणि ज्यांनी आपले आयुष्यच कार्याला वाहिले असे आजीवन प्रचारक, अशी अधिकारांची उतरंड होती. पण गावातील काम चालण्यासाठी वरून हुकूम यावा लागत नसे, कारण काम काय आणि ते कोणत्या वेळी, हे रोजच ठरलेले असे. आजारी पडलेल्या ग्रामसेवाधिकाऱ्याच्या जागी दुसरा उभा राहिला की सूर्योदयापूर्वीचा खराटा पूर्ववत् चालू होई. सेवेच्या दीर्घ योजनेचे पहिले अंग म्हणजे उद्याचा माणूस आजच तयार असणे. हे अंग मंडळाने सप्ताहाच्या पहाऱ्याइतक्या सहजपणे साधले, आणि म्हणूनच ते लोकांना परके वाटले नाही.

दुसरे अंग म्हणजे ध्येयाचा लेख. तो १९५५ साली ‘ग्रामगीते’च्या रूपाने आला. एक्केचाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ पारायणासाठी लिहिला गेला असे मानून जे त्याला केवळ पोथी समजतात ते त्याच्यावर अन्याय करतात. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, जीवनशिक्षण, महिलोन्नती, अंत्यसंस्कार, सणउत्सव, यात्रामेळे ही त्यातील अध्यायांची नावे नुसती वाचीत गेले तरी ध्यानात येते की हा एका खेड्याचा सांगोपांग आराखडा आहे, आणि तो अशा माणसाने केलेला आहे की ज्याने गावातील उकिरडा कोठे असतो, लग्नात कर्ज कसे होते आणि जत्रेत पाणी कसे नासते हे आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. प्रारब्धावर हवाला ठेवून बसणाऱ्या मनोवृत्तीशी ग्रंथकाराने अध्यायभर वाद घातला आहे, आणि प्रयत्नाच्या प्रभावाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. हे मला फार अर्थपूर्ण वाटते; कारण ज्याला आपले उद्या आधीच लिहिले गेले आहे असे वाटते त्याच्यापुढे कोणतीही योजना ठेवणे व्यर्थ असते. ओवीचे वृत्त निवडण्यातही दूरदृष्टी होती. सरकारी अहवाल कपाटात जातो. ओवी तोंडात राहते, आणि अक्षरओळख नसलेली आजी ती नातवापाशी बोलून दाखविते.

याच सुमारास कायद्याच्या बाजूनेही गावाच्या भवितव्याचा विचार मोठ्या जोमाने चालू होता, आणि त्याची आठवण ठेवणे न्याय्य आहे. १९४८ साली मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने, पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने, जनपद सभांची योजना अमलात आणली. जिल्हा कौन्सिले मोडून तहसील हेच स्थानिक कारभाराचे एकक मानावे, शहर व खेडे एका सभेत बसावे आणि सरकारची पुष्कळशी कामे त्या सभेकडे सोपवावी, अशी ती कल्पना होती. देशात पुढे पंचायत समिती नावाने जे रूढ झाले त्याचा हा एक आद्य प्रयोग, आणि तो काटोल-नरखेडच्या मुलखाने अनुभवला. मागोमाग २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली, एका वर्षाने राष्ट्रीय विस्तार सेवा आली, गावात ग्रामसेवक दिसू लागला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात येऊन जनपद सभांचा अध्याय संपला. चौदा वर्षांत तीन राज्ये आणि तीन कारभारपद्धती! समाजविकासाच्या कामात लोकांचा सहभाग अपुरा पडला, असे बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली स्पष्ट नोंदविले. या काळात नरखेडकडच्या खेड्यातील माणसाने किती मोहोरांचे कागद पाहिले असतील याची कल्पना करावी, म्हणजे सायंकाळच्या प्रार्थनेची न बदललेली वेळ त्याला किती आधाराची वाटली असेल हे समजेल. राज्य बदलले तरी प्रार्थनेची घंटा बदलली नाही.

संस्थापकाच्या पश्चात काय, ही प्रत्येक सेवासंस्थेची कसोटी. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांचे गुरुकुंजात निर्वाण झाले. त्यानंतर दरवर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास मोझरीला पुण्यतिथी महोत्सव भरतो, आणि नेमक्या त्या मिनिटाला लाखांचा जमाव मौन धरून श्रद्धांजली वाहतो. वर्धेच्या अलीकडच्या गावांतूनही पालख्या व दिंड्या तेथे जातात. महाराजांचा जन्मदिवस मंडळाने ग्रामजयंती म्हणून साजरा करावयाचे ठरविले, व्यक्तीचा उत्सव गावाच्या नावे केला, यातही संस्थेला व्यक्तीच्या पलीकडे नेण्याचा विचार दिसतो. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले.

परंतु सत्य सांगावयाचे तर, मंडळ टिकले तरी त्याचे वेळापत्रक सर्वत्र सारखे टिकले नाही. प्रार्थना व भजन हा भाग पुष्कळ ठिकाणी राहिला, खराटा मात्र अनेक गावांत कोपऱ्यात गेला; पहाटेची सफाई ही पुण्यतिथीच्या सप्ताहापुरती उरली. याची कारणे उघड आहेत. ग्रामपंचायतीने सफाईसाठी माणूस नेमला आणि जे काम सर्वांचे होते ते पगाराचे झाले. बागाईत वाढली तशी पहाट विजेच्या वेळापत्रकाला बांधली गेली. ज्या वेळी वीज, त्या वेळी पंप, आणि ज्या वेळी पंप, त्या वेळी शेतकरी बांधावर. शिकलेला मुलगा नागपुरात राहू लागला. या कारणांबद्दल कोणाला दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण खराटा हा सेवेचा अर्धा भाग होता, आणि तो गेल्यावर उरलेल्या अर्ध्याला सेवा मंडळ म्हणत राहणे हे त्या संस्थेच्या जन्मदात्याला पटले नसते, एवढे निश्चित.

आता मोवाड. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टीने नदीला जो महापूर आला त्याने हे गाव अक्षरशः धुऊन नेले. दोनशेहून अधिक माणसे गेली. घरे, गुरे, दुकाने, पेटीतील कागदपत्रे, सारे गेले. १८६७ ची नगरपालिका तेव्हा १२४ वर्षांची होती. या घटनेचा विचार करताना मनुष्य प्रथम निःशब्द होतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण इतिहास लिहिणाऱ्याला तेथे थांबता येत नाही. नदी कोठवर येऊन गेली याची आठवण नदीकाठच्या प्रत्येक गावात असते, ती म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असते, एखाद्या घाटाच्या पायरीवर असते. परंतु त्या आठवणीचे रूपांतर ‘या रेषेच्या खाली घर बांधावयाचे नाही’ अशा नियमात करणे, आणि तो नियम वस्ती वाढत असताना, जागा स्वस्त मिळत असताना, शंभर वर्षे पाळून दाखविणे, हे काम कोणा एका सभेच्या मुदतीत बसणारे नाही. महापुरानंतर गावाचे पुनर्वसन झाले आणि आखीव रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली. ज्यांनी घरची माणसे गमावली त्यांनीच त्या नव्या गावात पुन्हा बाजार भरविला, शाळा चालविल्या, याविषयी मनात केवळ आदर उत्पन्न होतो. तरी हा आराखडा महापुराच्या आधी कोणी मागितला नाही, मागावयाचा अधिकार व जबाबदारी कोणाची हेच ठरलेले नव्हते, ही गोष्ट तालुक्यातील प्रत्येक सार्वजनिक कार्यकर्त्याने मनाला लावून घेण्यासारखी आहे.

सेवासंस्थांचे कार्यकाल आखूड असतात, हे दुखणे केवळ आपले नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांसह जी बैठक भरविली तिच्यातून रोटरी क्लबाचा पसारा जगभर वाढला; त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. गोखल्यांनी सेवकाला आयुष्यभराची शपथ दिली. रोटरीने अध्यक्षाला एका वर्षाची मुदत दिली, दर १ जुलैला नवा माणूस. पहिल्या पद्धतीत माणसे मिळणे कठीण, दुसरीत काम टिकणे कठीण. मग एका वर्षाच्या अध्यक्षांनी चालविलेल्या या संस्थेने पोलिओच्या निर्मूलनाचे काम कसे पेलले? १९८५ साली तिने ते काम जगभरच्या सर्व क्लबांचे म्हणून एकदाच अंगावर घेतले, आणि त्यानंतर अध्यक्ष कोणीही असो, तो त्या कामात भर घालू शके, ते बदलू शकत नसे. भारतात सरकारी पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. या यशात सरकारी परिचारिका, अंगणवाडीच्या ताई आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांचा वाटा मोठा आहे; पण लसीच्या बूथवर रविवारी सकाळी मांडव घालणाऱ्या स्वयंसेवकांच्या वर्षानुवर्षांच्या साखळीचाही आहे. एक काम, ठरलेले, आणि पदाधिकाऱ्याच्या आवडीनिवडीपलीकडचे: दीर्घ योजनेचे हे तिसरे अंग या उदाहरणाने स्पष्ट होते.

नरखेड तालुक्याने आपले असे एक काम कोणते मानावे? मला त्याविषयी संदेह नाही. ते पाणी आहे. संत्र्याने या भूमीला श्रीमंती दिली आणि त्या श्रीमंतीने भूमीच्या पोटातील पाणी उपसले. आंबिया बहार धरला की जानेवारी-फेब्रुवारीत फूल, आणि मग सारा उन्हाळा फळ झाडावर पोसावयाचे. म्हणजे विहिरी जेव्हा तळाला जातात तेव्हाच बागेची तहान सर्वाधिक. उघड्या विहिरी पुरेनाशा झाल्या तशी विंधन विहिरींची यंत्रे आली, आणि शेजाऱ्याने तीनशे फूट घेतली की याने चारशे घ्यावी, अशी चढाओढ वर्धेच्या दोन्ही तीरांवर लागली. २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल, नरखेड, वरुड या पट्ट्यातील बागाच्या बागा उभ्या वाळल्या. वीस वर्षे वाढविलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून जळणाला घालावी लागली, आणि ज्याने ती लावली त्यानेच ती तोडली.

अशा निराशेच्या काळातही तालुक्याने एकदा आपले सामर्थ्य दाखविले आहे. पाणी फाउंडेशनने २०१८ च्या उन्हाळ्यात घेतलेल्या वॉटर कप स्पर्धेत, राज्यातील ७५ तालुक्यांच्या गावांमधून, नरखेड तालुक्यातील उमठा या गावाने बीड जिल्ह्यातील आनंदवाडीसह तृतीय क्रमांक मिळविला. पंचेचाळीस दिवस, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, पहाटे व सायंकाळी माणसे टिकाव-फावडी घेऊन माळावर जात होती. समतल चर, बांध, घराघराचे शोषखड्डे, रोपवाटिका, आणि गावाच्या पाण्याचे अंदाजपत्रक, असे सारे त्या कामात होते. पहाटेच्या श्रमाला जी मंडळी निघत ती पाहून ग्रामसफाईच्या जुन्या काळाची आठवण ज्येष्ठांना झाली असेल, तर त्यात नवल नाही. मनुष्याचा स्वभाव तोच, फक्त त्याला बोलावणारी हाक पुन्हा आली होती. मात्र स्पर्धेला मुदत असते आणि चराला नसते. दोन पावसाळ्यांत चर गाळाने भरतो, बांधाला उंदीर-घुशी लागतात, शोषखड्डा तुंबतो. तो गाळ कोणी काढावयाचा, कोणत्या महिन्यात काढावयाचा, आणि ज्याच्या वाट्याला तो आला तो परगावी गेल्यास बदली कोण, हे ज्या गावाने लिहून ठेवले त्याचीच मेहनत टिकते.

येथे मला सेवा मंडळाचे पंचांग फार उपयोगी वाटते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, आणि त्यांत पावसाळ्यापूर्वीची व पावसाळ्यानंतरची मोजणी ही सर्वांत मोलाची. ग्रामजयंती ३० एप्रिलला येते, विहिरी तळ गाठत असताना; पुण्यतिथी ऑक्टोबरात येते, पावसाचे पाणी मुरून झाल्यावर. पन्नासहून अधिक वर्षे हे दोन दिवस गावोगाव न चुकता पाळले जात आहेत, त्या दिवशी माणसे एकत्र जमतात, आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या मालकीची एखादी तरी विहीर असते. त्या दोन्ही दिवशी, प्रार्थनेपूर्वीच्या तासाभरात, गाठी मारलेला दोर प्रत्येक विहिरीत सोडून पाणी किती हात खाली आहे ते पाहावे. मंडळाच्या वहीत विहिरीचे नाव, तो आकडा आणि मोजणाऱ्याची सही अशी नोंद करावी. पुढच्या वर्षी मोजणारा कोण हेही त्याच पानावर लिहावे. दिवाळी आटोपल्यावर, आंबिया बहारासाठी बागेला ताण देण्याचा विचार घरोघर सुरू होतो, तेव्हा ही वही पंचायतीच्या ओट्यावर उघडून ठेवली, तर यंदा किती झाडांवर आंबिया धरावा आणि किती झाडे मृग बहारावर सोडावी, हे गावाला एकत्र बसून ठरविता येईल.